झोपवून जिंकलेली लढाई

शंकेखोर : पहिला भाग चांगला आहे हे सुरुवातीलाच मान्य करून टाकतो, म्हणजे वाद दुसऱ्यापुरता उरेल. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतली 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' ही कथा. बोर्ग नावाची जमात, अर्धी माणसं, अर्धी यंत्रं, आणि सगळ्यांत मिळून मन एकच. अवाढव्य घनाकृती यानातून ते पृथ्वीकडे निघालेत. वाटेत 'एंटरप्राइज' या जहाजाच्या कप्तानालाच, पिकार्डला, उचलून नेतात, त्याच्या अंगात यंत्रं बसवतात आणि लोक्यूटस असं नाव देऊन आपलं तोंड म्हणून पडद्यावर उभा करतात. ज्याच्या हुकमावर हे जहाज चालायचं, त्याच्याच तोंडून शरण या म्हणून फर्मान! त्याचा दुय्यम अधिकारी रायकर क्षणभर गप्प होतो आणि त्या यानावर मारा करायची आज्ञा देतो. तिथं भाग संपला. तारीख 18 जून 1990. पुढचा भाग 24 सप्टेंबरला. तीन महिने माणसं टांगून ठेवली. आणि मग काय झालं? ज्या शस्त्रासाठी अख्खा पहिला भाग राबला, ते दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच फुसकं निघालं. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची धावपळ, आणि शेवटी त्या महाभयंकर बोर्गना झोपेचा हुकूम सोडला, ते झोपले, त्यांचं यान आपोआप फुटलं. लेका, अंगाईनं युद्ध जिंकतात होय? लेखकाला सुचलं नाही म्हणून त्यानं खलनायकच झोपवला, असं मी म्हणतो.

शौकीन : सर, शस्त्र फुसकं निघतं हाच तर त्या भागाचा पहिला घाव आहे. ते का निघतं बघा. शस्त्राची आखणी झाली तेव्हा पिकार्ड जहाजावर होता. त्याला जे जे ठाऊक, ते ते आता बोर्गना ठाऊक. तीन महिने प्रेक्षक विचार करत बसला की रायकर आपल्या कप्तानाला मारेल का. दुसरा भाग सांगतो, प्रश्नच चुकला तुमचा. कप्तान मरायच्या आधीच तुमच्याविरुद्ध लढायला लागलाय. ज्यानं तुम्हाला सगळं शिकवलं तोच समोर उभा असेल तर त्यानं शिकवलेलं काय कामाचं? इथून पुढं रायकरला लढायचंय ते बोर्गशी कमी आणि पिकार्डच्या तालमीशी जास्त. म्हणून तो जहाजाचे दोन तुकडे करायचा जुना बेत मुद्दाम वापरतो. तो बेत पिकार्डला आधीच सांगितलेला होता, म्हणजे बोर्गनाही माहीत. रायकरला तेच हवं असतं. ते त्या ओळखीच्या डावाकडं बघत राहतात आणि तेवढ्यात एका छोट्या यानातून दोघं जाऊन लोक्यूटसलाच पळवून आणतात. याला तुम्ही धावपळ म्हणता?

शंकेखोर : तेवढं बेस आहे, तिथवर माझी तक्रार नाही. माझी तक्रार झोपेपासून सुरू होते. आपल्या कोल्हापूरच्या खासबागेत निकाली कुस्ती बघायला आलेल्या माणसासमोर एखाद्या पैलवानाला ऐन जोडीत डुलकी लागली आणि दुसऱ्याला विजयी म्हणून फेटा बांधला, तर लोक मैदानात दगड टाकतील. निकाल पाहिजे तो डावानं पाहिजे.

शौकीन : डुलकी लागली नाही, लावली. आणि डाव कसा बसला ते तुम्ही घाईत बघितलंत. पहिल्याच भागात दाखवलंय की आपली माणसं बोर्गच्या यानात शिरतात आणि बोर्ग त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. एकटा माणूस त्यांच्या हिशेबातच नाही. सगळ्यांचं मन एक, ही त्यांची ताकद. मग त्या एका मनात जायची वाट सापडली तर सगळेच सापडले. पिकार्डला परत आणल्यावर डेटा, म्हणजे तो यंत्रमानव, त्याच्या मेंदूतून त्या मनात उतरतो. शस्त्रांचे आणि बचावाचे हुकूम कडेकोट बंदोबस्तात असतात, तिथं काही चालत नाही. खोल कुठूनतरी पिकार्ड कसाबसा 'झोप' एवढंच पुटपुटतो. डॉक्टरबाईंना वाटतं माणूस थकला. डेटाला कळतं की ही सूचना आहे. विश्रांतीचा हुकूम फालतू म्हणून त्यावर पहारा नाही. म्हणजे बघा, बोर्गनी ज्याला कस्पटासमान मानलं, तो एकटा माणूस आणि ज्याला बिनमहत्त्वाचं मानलं तो हुकूम, या दोन्हींनी मिळून त्यांना पाडलं. पहिल्या भागात जे पेरलं तेच उगवलं की हो.

शंकेखोर : पेरलं म्हणायला पेरणाऱ्याला पीक ठाऊक असावं लागतं. मायकल पिलर या लेखकानं पहिला भाग लिहिला तेव्हा दुसऱ्यात काय होणार हे त्यालाच माहीत नव्हतं. ही काही आतली बातमी नव्हे, त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. तो मालिका सोडायच्या विचारात होता. रायकर पहिल्या भागात स्वतंत्र जहाजाची कप्तानी घेऊ की इथंच राहू म्हणून घुटमळतो ना, ते पिलरचंच घुटमळणं होतं. पुढं जो येईल तो सोडवील गाठ, अशा हिशेबानं त्यानं ती मारली आणि मग स्वतःच राहिला म्हणून सोडवत बसायची पाळी आली. आता तू सांगतोस त्या सगळ्या सुसंगती मागाहून शोधलेल्या आहेत. परीक्षेत उत्तर आधी पाहून मग रीत लिहिणारी पोरं मी तीस वर्षं तपासलीत. रीत बरोबर असते. शंका तिथंच येते.

शौकीन : पण गणित आणि गोष्ट यांत फरक नाही का? लेखकाला शेवट ठाऊक नव्हता म्हणून पहिला भाग तसा झाला. त्याला माहीत असतं की शेवटी झोपवून मारायचंय, तर त्यानं पहिल्या भागात झोपेचा खडा कुठंतरी टाकला असता आणि तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसाला तो दिसला असता. सुटकेची वाट त्यानं आधी बांधून ठेवली नव्हती, म्हणून त्या शेवटच्या दृश्यातली भीती खरी आहे. मग दुसऱ्या भागाला त्या भीतीशी प्रामाणिक राहून वाट काढायची होती. आणि ती बाहेरून आणलेली नाही. कुणी नवा देवदूत येत नाही, नवं शस्त्र सापडत नाही. दोन भागांच्या किती कथांबद्दल असं म्हणता येईल?

शंकेखोर : दोन भागांच्या कथांबद्दल बोलायचंच तर त्या दोन भागांच्या का होतात तेही बोलू. कलेसाठी होत नाहीत. एक हंगाम संपतो, पुढच्या हंगामात प्रेक्षक परत आला पाहिजे, म्हणून तोफ डागायच्या क्षणी पडदा पाडायचा. मूळच्या 'स्टार ट्रेक'मध्ये, 1966 च्या नोव्हेंबरात, 'द मेनॅजरी' नावाची दोन भागांची कथा आली. ती का आली? नव्या भागांचं काम वेळेत होत नव्हतं, आणि वाहिनीनं नाकारलेला पहिला नमुना-भाग तयार पडून होता. त्याच्याभोवती एका खटल्याची चौकट बसवली, स्पॉक या अधिकाऱ्यावर आरोप ठेवला आणि जुनं चित्रीकरण पुरावा म्हणून न्यायालयात दाखवलं. गोधडीच ती. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी कळतं की न्यायासनावर बसलेला वरिष्ठ अधिकारी जहाजावर नव्हताच, तो भास होता. खटलाच खोटा! पहिल्या भागात जे पणाला लावलं होतं ते दुसऱ्यात हवेत विरून गेलं.

शौकीन : आणि त्याच गोधडीला 1967 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

शंकेखोर : पुरस्कार मिळतातच. मी दुसऱ्या भागाबद्दल बोलतोय.

(लेखकाला इथं राहवत नाही. 'द मेनॅजरी'चा खटला पोकळ निघतो हे खरं, पण त्या कथेचा जीव खटल्यात नाहीच. शरीर निकामी झालेल्या एका माणसानं भासाच्या जगात का होईना, धडधाकट जगावं की नाही, या प्रश्नात तो आहे, आणि तो प्रश्न दुसऱ्या भागातच पुरता उघडतो. शंकेखोरानं चौकटीवर बोट ठेवलं आणि शौकिनानं पुरस्कारावर. चित्र दोघांनीही सोडलं. असो.)

शौकीन : बरं, मग तुम्हाला निर्दोष दुसरा अर्धा भाग म्हणजे कसा हवा? आपल्या घरचं उदाहरण घेऊ. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले जयंत नारळीकर, त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. टीव्हीवरची नाही, कागदावरची आहे, पण रचना दोन अर्धांचीच. पहिल्या अर्धात इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात, जिथं 1761 साली विश्वासरावांना गोळी लागली नाही, कानाजवळून निघून गेली, आणि मराठे पानिपत जिंकले. दुसऱ्या अर्धात पंत आपल्या जगात परतलेत आणि त्यांचा शास्त्रज्ञ मित्र त्यांना समजावतो, की अशा अटीतटीच्या क्षणी घटनांना एकाहून जास्त वाटा फुटू शकतात, पुंजभौतिकीत अणूच्या पातळीवर तसं घडतं. पुराव्याला खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटकं पान. सगळ्या गाठी सुटल्या. तुम्हाला तर आवडतच असेल.

शंकेखोर : आवडतंच. का आवडतं सांगू? नारळीकर वाचकाला फसवत नाहीत. पहिल्या अर्धात नवल दाखवलं, दुसऱ्यात त्याचं कारण दिलं. हुकूम सोडला आणि झोपले, असा प्रकार नाही. तो मित्र जिचा आधार घेतो ती कॅटॅस्ट्रॉफी थिअरी ही खरीच गणितातली गोष्ट आहे, त्यांनी मनानं बनवलेली नव्हे. विज्ञानकथेनं कारण द्यायचं नाही तर मग कुणी द्यायचं?

शौकीन : कारण दिलं, कबूल. पण एक सांगा. ज्या जगात आपण जिंकलो ते जग डोळ्यांनी बघून हा माणूस परत आला. त्याच्या काळजाचं काय झालं असेल? उरलेला जन्म पानिपताच्या हरण्यावर व्याख्यानं देताना त्याची जीभ अडखळेल का? कथेचा दुसरा अर्धा भाग 'कसं घडलं' ते सांगतो. 'त्याचं पुढं काय' हे फारसं बघत नाही. माझी काही नारळीकरांवर टीका नाही, त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं. पण तुम्ही ज्याला पूर्ण निकाल म्हणता, तिथंही अर्धं हातात राहतंच.

शंकेखोर : आता तू माझ्या अंगणात आलास. वाटा फुटण्याचा क्षण बघायला पानिपतापर्यंत कशाला जायचं? आपल्या वडगावात धनाजी जाधवांची समाधी आहे. 1707 च्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला ताराराणींची आणि शाहूंची फौज समोरासमोर. धनाजी ताराराणींचा सेनापती. सरदारांनी दूधभातावर हात ठेवून शपथा घेतलेल्या. आणि ऐन लढाईत धनाजी शाहूंना मिळाले. तिथं मराठ्यांच्या राज्याला दोन वाटा फुटल्या. तू अजून वर्गात असतास तर मी तिथंच तास संपवला असता, तुझ्या त्या पिलरसारखा, आणि पोरं पुढच्या तासाला धावत आली असती. पण पुढच्या तासाला सांगायला काय आहे? 1708 साली धनाजी इथं, वारणेच्या या अंगाला वारले. त्यांचा कारकून बाळाजी विश्वनाथ वर आला आणि पुढं पेशवा झाला. धनाजींचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, बाळाजीशी बिनसल्यावर तो उलटा ताराराणींकडे आणि पुढं निजामाकडे गेला. 1710 साली ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली, 1714 साली त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी, त्यांनाच अडकवलं. आणि निकाल कधी? 1731 साली, वारणेच्या तहानं. वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूरकरांचं, उत्तरेला शाहूंचं. चोवीस वर्षं! इतिहासाचा दुसरा भाग असाच असतो, लांबलेला, नीरस, नवीन नावांनी भरलेला. म्हणून तर माणसाला कथा लागते. इतिहासात मिळत नाही तो निकाल कथेनं द्यावा, एवढीच माझी मागणी.

शौकीन : सर, तुम्ही तर माझंच काम केलंत. वारणेचा तह म्हणजे दुसरं काय होतं? चोवीस वर्षं दोन्ही बाजू लढल्या आणि शेवटी नदी बघून रेघ मारली. खेडच्या रणात जो प्रश्न उभा राहिला, गादी खरी कुणाची, त्याचं उत्तर तहात आहे का? नाही. तो प्रश्न त्यांनी झोपवला. हुकूम साधा होता म्हणूनच तो चालला. त्यावर कुणाचा पहारा नव्हता.

शंकेखोर : बोलण्यात पकडलंस खरं. पण तहाला आणि तुझ्या झोपेला एकाच तराजूत घालू नकोस. तहाच्या मागं चोवीस वर्षांची धूळधाण आहे. प्रत्येक ओळीला कुणीतरी किंमत मोजलीय. तुझ्या दुसऱ्या भागात किंमत कुणी मोजली? वुल्फ 359 या ताऱ्याजवळ, जो खरोखरीचा तारा आहे, सिंह राशीत, आठएक प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तांबडा खुजा तारा, तिथं चाळीस जहाजं बोर्गना अडवायला उभी राहिली आणि एकोणचाळीस गेली. मालिकेतच पुढं आकडा येतो, जवळजवळ अकरा हजार माणसं. ती लढाई दाखवलीय का? नाही. 'एंटरप्राइज' उशिरा पोचतं, आजूबाजूला मोडतोड तरंगतेय, सगळे गंभीर चेहरा करतात आणि निघतात. पैसे नव्हते असं तू म्हणशील. नसतील. पण त्या लढाईतले बोर्गचे डावपेच ज्याच्या डोक्यातून गेले तो पिकार्ड शेवटी परत खुर्चीवर बसतो. अकरा हजार माणसं त्याच्या ज्ञानानं मारली गेली आणि कथा त्याला चहाचा कप देऊन मोकळी!

शौकीन : इथं मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. लढाई न दाखवणं मला उलट बरं वाटतं, नुसते सांगाडे बघून पोटात जास्त खड्डा पडतो. पण किमतीचं म्हणाल तर दुसरा भाग तिथं संपतच नाही. शेवटच्या चित्रात पिकार्ड खिडकीतून पृथ्वीकडं बघत उभा आहे, आणि त्या चेहऱ्यावर सुटका नाही. आणि 1 ऑक्टोबरला, पुढच्याच आठवड्यात, 'फॅमिली' नावाचा भाग आला. रोनाल्ड मूरचा. त्यात ना बोर्ग, ना लढाई. जहाजाचा तो नियंत्रणकक्षसुद्धा नाही, डेटाही नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो. थोरला भाऊ द्राक्षमळा राखून आहे, वडिलांच्या रीतीनं. धाकटा घर सोडून गेला, मोठा झाला, आणि थोरल्याच्या मनात ते सलतंय. दोघं बोलता बोलता हातघाईवर येतात, मळ्यातल्या चिखलात लोळतात, हसतात, आणि हसता हसता पिकार्ड ढसाढसा रडायला लागतो. मला थांबवायला जमलं नाही, हे तो पहिल्यांदा बोलतो. आपल्या भागातल्या कुठल्याही ऊसकरी घरात बघा, पुण्या-मुंबईला गेलेला धाकटा आणि बांधावर राहिलेला थोरला. हा प्रसंग समजायला विज्ञानकथा कळावी लागत नाही. माझ्या मते त्या कथेचा खरा उत्तरार्ध हा आहे. 24 सप्टेंबरचा भाग नुसता पूल.

शंकेखोर : मग तो दोन भागांचा उत्तरार्ध असं का म्हणतोस? तीन भागांची कथा म्हण. आणि तसं म्हटलंस की माझी मूळ तक्रार सिद्ध झाली. दुसरा भाग निकाल देऊ शकला नाही, म्हणून तिसरा लागला. शिवाय या तिसऱ्यातून विज्ञान गेलं. यंत्रं गेली, एक मन गेलं, राहिला भावाभावांचा रुसवा. तो आमच्या ग्रामीण कथेत पन्नास वर्षं आधीपासून आहे.

शौकीन : विज्ञान गेलं नाही. ज्या मनात शिरून दुसरे बसले होते ते मन आता आपलंच आहे का, हा प्रश्न त्या चिखलात आहे. तो प्रश्न बोर्ग नसते तर पडलाच नसता. ग्रामीण कथेतला थोरला भाऊ विचारतो, तू आमचा राहिलास का? इथं धाकटा स्वतःलाच विचारतो, मी माझा राहिलो का? आणि एक सांगतो. तेव्हा ती मालिका सुटे भाग घेऊन चालायची. दर आठवड्याला नवी अडचण, शेवटी सगळं जागच्या जागी. त्या रिवाजात कप्तानाला एक आठवडा रडायला देणं म्हणजे धाडस होतं. आज सगळं सलग बघायला मिळतं, तुम्ही दोन्ही भाग एका बैठकीत संपवलेत, त्यामुळं तुम्हाला ती फट दिसलीच नाही. तीन महिन्यांची फट आणि मग एका आठवड्याची. त्या फटींत प्रेक्षक जे करत होता, तोही कथेचाच भाग होता.

शंकेखोर : ही पळवाट आहे. कथा चांगली आहे की नाही हे ती कधी बघितली यावर ठरायला लागलं तर ज्ञानेश्वरी आपण सातशे वर्षं उशिरा वाचतो म्हणून गप्प बसावं लागेल. आणि रडण्याबद्दल म्हणशील तर पिकार्ड रडला. त्या अकरा हजारांतल्या कुणाचं कोण रडलं?

शौकीन : तेही लिहिलंय. जानेवारी 1993 मध्ये 'डीप स्पेस नाइन' ही नवी मालिका सुरू झाली, 'एमिसरी' या कथेनं. ती सुरूच होते वुल्फ 359 च्या लढाईपासून, तुम्हाला हवी होती तीच लढाई. सिस्को नावाचा अधिकारी, त्याची बायको जेनिफर त्या लढाईत त्यांच्या जहाजावर मरते, तो मुलाला घेऊन कसाबसा बाहेर पडतो. तीन वर्षांनी त्याची पिकार्डशी गाठ पडते आणि तो थंडपणे सांगतो, आपण आधी भेटलोय, लढाईत. पिकार्डच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. तुमच्या हिशेबाची वही उघडली ना?

शंकेखोर : उघडली आणि त्याच कथेत मिटली. शेवटी सिस्को पुन्हा त्याला भेटतो, तेव्हा आवाजातला विखार गेलेला असतो. जेनिफरचं मरण दीड तासात पचलं.

शौकीन : नीट बघा, तो माफ केलं असं कुठंच म्हणत नाही. मी इथंच काम करणार, एवढं सांगतो आणि हात मिळवतो. माफी दिली की नुसती नोकरी पत्करली, ते उघडं ठेवलंय.

शंकेखोर : म्हणजे ते आपण आपल्या पदरचं घालायचं?

शौकीन : तुम्ही वर्गात धनाजींच्या बाबतीत तेच करत होता की. ते शाहूंना का मिळाले? शाहू खरे वारस आहेत अशी खात्री पटली म्हणून, की जिकडं पारडं झुकतंय ते ओळखून, की बाळाजीनं मन वळवलं म्हणून? तुम्ही तिन्ही कारणं सांगायचा आणि फळा पुसायचा.

शंकेखोर : फळा पुसायचो, कारण धनाजींच्या मनात काय होतं याचा कागद नाही. असता तर वाचून दाखवला असता. इथं लेखक जिवंत होता, कागद कोरा होता, लेखणी हातात होती, आणि त्यानं लिहिलं नाही. इतिहासाला जमत नाही आणि लेखकानं केलं नाही, या दोन्हींना तू एकच मान देतोस. तो का द्यायचा, ते अजून तू मला सांगितलेलं नाहीस.